शुगर किती आहे, एवढं विचारून काय कळतं?

लॅबमध्ये जायच्या आधी दोन दिवस आईच्या चहात साखर पडत नाही. भात निम्मा होतो, रात्री जेवणानंतर अंगणात फेऱ्या सुरू होतात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी जाऊन ती हात पुढे करते. आकडा १२८ आला की मला फोन येतो, ‘‘अरे, शुगर नॉर्मल आली!’’ त्या संध्याकाळी घरात शिरा होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड चाळून पास होण्यातलाच हा प्रकार. डॉक्टरांना तो ठाऊक असतो, आणि डॉक्टरांना ठाऊक आहे हे आईलाही ठाऊक असतं.

ही चलाखी जिच्यापुढे चालत नाही ती तपासणी म्हणजे एचबीए१सी. आपल्याकडे तिला सरळ ‘तीन महिन्यांची’ म्हणतात. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे किती टक्के हिमोग्लोबिनवर साखर चढली आहे हे पाहिलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब लागतो. मधुमेहींच्या रक्तातलं हे वेगळं हिमोग्लोबिन १९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर यांच्या नजरेस आलं. दवाखान्यात त्याचा उपयोग सुरू व्हायला पुढे आणखी काही वर्षं गेली. दोन दिवसांच्या पथ्याला ही तपासणी भुलत नाही, हा तिचा मोठाच गुण.

पण तीही अखेर सरासरीच सांगते. सरासरी काय लपवू शकते हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. जूनमध्ये पेरणीपुरता पडतो, मग पंचवीस-तीस दिवसांचा खंड, आणि सप्टेंबरात तीन दिवसांत नदी गावात शिरते. वर्षाअखेरीस बातमी येते की जिल्ह्यानं पावसाची सरासरी गाठली. सोयाबीन मात्र आधी करपलेलं आणि मग सडलेलं असतं.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आईची फाइल हाती लागली. फाइल म्हणजे साड्यांच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात अकरा वर्षांचे रिपोर्ट, औषधांची बिलं आणि एक लग्नपत्रिका. त्यातले तीन महिन्यांचे रिपोर्ट वेगळे काढून मी तारखेप्रमाणे फरशीवर मांडले. सहाच निघाले : ८.९, ६.८, ९.६, ७.०, ९.२, ७.१. सरासरी ८.१. योगायोग असा की आमच्या आत्याचाही आकडा बरीच वर्षं ८.० ते ८.२ च्या दरम्यान घुटमळतो आहे. कागदावर दोघी सारख्याच. खरं तर आईचा शेवटचा रिपोर्ट ७.१ म्हणून तिला शाबासकी, आणि आत्याला दर वेळी बोलणी. नेहमीच्या सूत्रानं पाहिलं तर ९.६ म्हणजे दिवसाची सरासरी साखर २२९ च्या घरात आणि ६.८ म्हणजे १४८ च्या. आई अकरा वर्षं या दोन टोकांमध्ये झोके घेत होती, आणि तिला तपासणाऱ्या प्रत्येकानं फक्त वरचा कागद पाहिला होता.

माझं म्हणणं या वरच्या कागदाबद्दलच आहे. वर्षानुवर्षं होणारी साखरेची ही चढउतार आपण रुग्णाच्या शिस्तीच्या खात्यावर टाकतो. पथ्य पाळत नाहीत, गोड सुटत नाही, व्यायामाचा कंटाळा. मला ती उपचारांच्या सातत्याची नोंद वाटते. औषध मिळत राहिलं का, डॉक्टर तोच राहिला का, माणूस एका जागी राहिला का, या सगळ्याचं उत्तर त्या वरखाली होणाऱ्या आकड्यांत लिहिलेलं असतं. सरकारनं मोजायचं असेल तर ते मोजावं.

आधी शास्त्राकडे पाहू, कारण ‘चढउतार’ हा शब्द सध्या जरा सैल वापरला जातो. सरासरी महत्त्वाची नाही असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ मधुमेहाच्या (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो) १,४४१ रुग्णांवर डीसीसीटी ही चाचणी झाली. ज्यांचा एचबीए१सी नऊच्या आसपास होता त्यांच्या तुलनेत सातच्या आसपास ठेवलेल्यांमध्ये डोळ्यांचा पडदा बिघडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. टाइप २ बद्दल (इन्सुलिन पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही तो, बहुतेकांना होणारा) १९९८ मध्ये ब्रिटनच्या यूकेपीडीएस या अभ्यासानं हेच दाखवलं, मात्र फायदा लहान होता. त्याच रुग्णांना पुढे दहा वर्षं पाहिलं तेव्हा दोन्ही गटांची साखर केव्हाच सारखी झाली होती, तरी सुरुवातीला जपलेल्यांचा फायदा टिकून होता. शरीर जुनं देणंघेणं विसरत नाही.

मग सरासरी आणखी खाली ओढली तर? २००८ मध्ये अ‍ॅकॉर्ड चाचणीनं त्यालाही उत्तर दिलं. दहा हजारांवर रुग्णांच्या या चाचणीत एचबीए१सी सहाच्या खाली आणण्याचा प्रयत्न झालेल्या गटात मृत्यू जास्त दिसले, म्हणून तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. नक्की कशामुळे, यावर अजून वाद आहे. पण तेव्हापासून जाणते डॉक्टर सत्तरीच्या आजोबांसाठी आठवर समाधान मानतात, तो त्यांचा आळस नव्हे.

चढउताराचे प्रकार दोन, आणि त्यांची गल्लत होते. एक दिवसभरातली : जेवणानंतर वर, पहाटे खाली. दुसरी महिन्या-वर्षांतली, माझ्या आईची. डीसीसीटीचीच आकडेवारी पुन्हा तपासली गेली तेव्हा २००६ मध्ये निष्कर्ष निघाला की दिवसातल्या चढउताराचा डोळे-मूत्रपिंडाच्या बिघाडाशी वेगळा संबंध दिसत नाही. दोन वर्षांनी त्याच आकडेवारीतून दिसलं की एचबीए१सीच एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंत वरखाली होत असेल तर सरासरीचा हिशेब बाजूला काढूनही धोका वाढतो. २००९ मध्ये फिनलंडमधल्या टाइप १ च्या रुग्णांत मूत्रपिंड आणि हृदयाबाबत हेच आढळलं. पुढे अ‍ॅडव्हान्स या चाचणीतल्या टाइप २ च्या रुग्णांतही भेटीगणिक बदलणारी साखर आणि मृत्यू यांचं नातं दिसलं.

यावर तज्ज्ञांचा आक्षेप असा की हे फक्त नातं आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. जो आधीच आजारी, एकटा किंवा गरीब आहे त्याचीच साखर अस्थिर असणार आणि तोच लवकर जाणार. मग दोष चढउताराला का द्यायचा? आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना माझं म्हणणं त्याच्यावरच उभं आहे. चढउतार ही नुसती खूण असली तरी ती कशाची खूण आहे? गोळी तुटण्याची, घर बदलण्याची, पैसे संपण्याची. अशी खूण फुकट हाती येत असताना आपण ती सरासरीत बुडवून टाकतो.

फरशीवरच्या कागदांसमोर आईला बसवलं आणि एकेका शिखराची तारीख विचारली. ८.९ : वडिलांची अँजिओप्लास्टी झाली ते दोन महिने. ९.६ : ज्या सरकारी दवाखान्यातून ती मोफत गोळ्या घ्यायची तिथे गोळ्याच नव्हत्या. ‘‘पुढच्या आठवड्यात या,’’ असं पाच आठवडे ऐकल्यावर तिनं जायचंच सोडलं, आणि मेडिकलमधून विकत घेतोय म्हणून आम्हाला सांगितलं. ९.२ : बहिणीच्या बाळंतपणाला ती तीन महिने दुसऱ्या जिल्ह्यात होती, कागद इकडे, डॉक्टर इकडे. तिन्ही वेळा गोड खाल्ल्याची कबुली मला अपेक्षित होती. गोड तिनं अकराही वर्षं सारखंच खाल्लं होतं.

आईला निदान घर आहे. बीडच्या ऊसतोड कामगाराचं वर्ष बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघतो आणि पाडव्याच्या आसपास परततो. मधुमेहाची नोंद गावच्या आरोग्य केंद्रात. गोळ्या मिळाल्याच तर महिनाभराच्या. फडात पहाटे चारला काम सुरू, ट्रक रात्री अकराला आला तर भरणी रात्री अकराला, भाकरी मिळेल तेव्हा. महिन्याच्या गोळ्या संपल्या की साखर चार-पाच महिने चढी. आणि गोळ्या असतील, त्यात ग्लिमेपिराइडसारखी शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी असेल, तर उपाशीपोटी मोळ्या वाहताना ती नको तितकी उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. टोळीत त्याला अशक्तपणा म्हणतात आणि चहा पाजतात. चहात साखर असते म्हणून माणूस वाचतोही, पण असं का झालं याची नोंद कुठेच होत नाही. मार्चअखेर गावात शिबिर झालं की त्याचा आकडा लिहिला जातो : २८०. शेरा : पथ्य पाळत नाही.

उपासांचं असंच. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण विनोदी असली तरी वैद्यकीयदृष्ट्या अचूक आहे. सकाळी रिकाम्या पोटी गोळी, दुपारपर्यंत फक्त पाणी, मग साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं आणि शेंगदाण्याचा लाडू. आधी दरी, मग डोंगर. रमजानच्या रोज्यांत मधुमेहाची औषधं कशी बदलावीत यावर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका निघाल्या आहेत आणि बरेच डॉक्टर त्याप्रमाणे आधीच विचारतात. आईला अकरा वर्षांत एकाही डॉक्टरनं विचारलं नाही की तुमचे गुरुवार, चतुर्थ्या, एकादश्या, नवरात्र मिळून वर्षाचे उपास किती. मी मोजले तर शंभराच्या वर भरले. गोळीच्या वेळा मात्र तीनशे पासष्ट दिवस त्याच.

आता सरकार काय मोजतं ते पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडिआब अभ्यासानं २०२३ मध्ये सांगितलं की देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. गोव्यात तर प्रौढांमध्ये प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रानं जाहीर केलं की २०२५ पर्यंत रक्तदाब-मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणायचं. आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात, तपासणीसाठी पाठवतात, पोर्टलवर आकडा चढतो. तपासले किती, सापडले किती, उपचार सुरू केले किती. १४ नोव्हेंबरला, इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगच्या वाढदिवशी, जागतिक मधुमेह दिनाची शिबिरं होतात आणि संध्याकाळी फोटोसह त्यांची संख्या जाहीर होते. हे काम वाईट नाही. निदानच न झालेल्यांची संख्या मोठी आहे, ते शोधलेच पाहिजेत. पण मधुमेह एकदा सापडला की तीस वर्षं चालतो, आणि आपली मोजणी पहिल्या दिवसापाशी थांबते.

दुसरी रीत आपल्याच देशात, आपल्याच राज्यात वापरून झाली आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. तिथे दर तिमाहीला विचारलं जातं की नोंदवलेल्यांपैकी कितींचा रक्तदाब आवाक्यात आहे. जो तपासणीलाच आला नाही तो छेदातून गळत नाही. तो व्यवस्थेचा तोटा म्हणून दिसत राहतो. ठरलेली मोजकी औषधं, महिन्याचा पुरवठा, न आलेल्याला फोन. या साध्या हिशेबानं आरोग्य केंद्राचं लक्ष शिबिरावरून साठ्याकडे वळतं, कारण गोळ्या संपल्या की तिमाहीचा आकडा लगेच पडतो. मधुमेहाला हीच पद्धत पूर्णपणे लावायला काय हरकत आहे?

हरकत सांगितली जाते ती यंत्रांची. एचबीए१सी प्रत्येक केंद्रात होत नाही, बाहेर चार-पाचशे रुपये पडतात. खरं आहे. शिवाय ती तपासणी आपल्याकडे म्हणावी तितकी स्वच्छही नाही. अंगात लोह कमी असेल तर आकडा उगाच वर दाखवतो, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून आकडा उगाच खाली. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटात केवळ एचबीए१सीवर विसंबणारा डॉक्टर फसणार. पण म्हणूनच यंत्राची वाट पाहत बसायचं कारण नाही. बोटाला टोचून घेतलेल्या साध्या रीडिंगा वर्षातून आठ-दहा वेळा एकाच कार्डावर, तारखेसह, एकाखाली एक लिहिल्या तरी चढउतार डोळ्यांना दिसते. आपल्याकडे दर वेळी नवीन केसपेपर निघतो. मशीन नसण्यापेक्षा जुना कागद समोर नसणं जास्त नडतं.

शहरात दुसरंच टोक. दंडावर सेन्सर चिकटवून चौदा दिवस दर काही मिनिटांची साखर मोबाइलवर बघायची. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी, विशेषतः टाइप १ च्या मुलांसाठी, ही मोठी सोय आहे. ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा किमान ७० टक्के वेळ साखर राहावी, हे २०१९ चं आंतरराष्ट्रीय माप याच यंत्रांमुळे रूढ झालं, आणि सरासरीच्या पुढे गेलेलं ते चांगलं माप आहे. पण ज्यांना मधुमेहच नाही असे लोक काही हजार रुपये मोजून पुरणपोळीनं आपला आलेख किती चढला याचे स्क्रीनशॉट टाकतात तेव्हा जरा हसू येतं. दिवसातल्या त्या लाटांचा पुरावा त्यातल्या त्यात कच्चा, आणि त्यांच्यावरच सगळ्यात जास्त खर्च.

‘मधुमेहमुक्ती’ या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे. वजन उतरवून काहींची साखर औषधांविना ताळ्यावर येते, यात शंका नाही. ब्रिटनच्या डायरेक्ट चाचणीत वजन उतरवण्याच्या गटातल्या ४६ टक्के लोकांना पहिल्या वर्षाअखेर ते जमलं. दुसऱ्या वर्षाअखेर ३६ टक्के उरले. वैद्यकात या अवस्थेला आजार दबणं म्हणतात आणि दरवर्षी तपासणी करत राहा असंही सांगतात. मराठीत आपण त्याला मुक्ती केलं. मुक्ती मिळालेला माणूस परत लॅबमध्ये कशाला जाईल? सत्कारात फेटा बांधून घेतलेल्या माणसाची साखर तीन वर्षांनी ३०० झालेली मी घरातच पाहिली आहे, आणि लाजेनं त्यानं ती वर्षभर कोणाला सांगितली नव्हती.

पैशांचा मुद्दा निघतोच, म्हणून सांगतो. मूत्रपिंडं निकामी झाली की महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, आणि बसलंच पाहिजे. आठवड्यातून दोन-तीनदा, आयुष्यभर. पण तिथवर पोचू नये म्हणून लागणारी मेटफॉर्मिन, जिची एक गोळी एक-दोन रुपयांची, आणि मीटरची पंधरा-वीस रुपयांची पट्टी कुठल्या योजनेत बसते? भरती झाल्याशिवाय आपला विमा जागा होत नाही. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. पण मोफत गोळी संपली की माणूस विकतची घेतोच असं नाही; माझ्या आईनं घेतली नव्हती, आणि आम्ही काही खायला महाग नव्हतो.

करायचं म्हटलं तर काही गोष्टी उद्याही होतील. २०२० च्या टाळेबंदीत केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानंच अशा रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधं एकदम द्यायला सांगितलं होतं. साथीत जे चाललं ते गळीत हंगामात का चालू नये? टोळी निघण्याआधीच्या आठवड्यात गोळ्या, उपाशी असताना कोणती घ्यायची नाही याची समज, आणि कारखान्याजवळच्या केंद्रात चालेल असं कार्ड. ‘आभा’ हा डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक काढून घेण्यासाठी एवढी मोहीम झाली, तो क्रमांक सांगलीतल्या डॉक्टरला बीडचा कागद दाखवत नसेल तर नुसत्या कार्डाचा काय उपयोग?

आणि एक आकडा तालुक्यागणिक जाहीर व्हावा : मागच्या वर्षात मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन किती दिवस शिल्लक नव्हतं. मी हा प्रश्न एका आरोग्य केंद्रात विचारून पाहिला. औषधनिर्मात्यानं साठ्याची वही मोकळेपणानं पुढे सरकवली. त्यात जमा होती, खर्च होता, महिन्याअखेरची शिल्लक होती. ‘‘शून्य दिवसांचा कॉलम नाहीये, साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘वरून कोणी मागितलाच नाही कधी.’’